तुम्ही यांचे कोण लागता?

हा प्रश्न आधार केंद्रावर विचारतात, बँकेत विचारतात, सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना विचारतात, आणि पोलीस चौकीत तर आधी हाच विचारतात. फुटपाथवर राहणाऱ्या माणसाबरोबर कुठल्याही खिडकीपाशी उभं राहिलं की पाच मिनिटांत तो येतोच. भाचा, पुतण्या, गावाकडचा, काहीही खोटं सांगितलं तरी खपतं. ‘मित्र’ म्हटलं की समोरचा मान वर करतो आणि दोघांच्या कपड्यांकडे आळीपाळीने बघतो. आम्ही काही जण मुंबईत बेघर मित्रांबरोबर कागद, खातं आणि काम यांच्यामागे फिरतो. त्या फिरण्यात जे कळलं ते इथे लिहितो आहोत. कुणाला करून बघायचं असेल तर निदान आमच्या चुका वाचतील.

सुरुवात कागदांपासून करू नये. दुकानांची शटर्स पडल्यावर, साधारण साडेनऊ ते अकरा, ही भेटायची वेळ. त्याआधी पथारी पडत नाही आणि त्यानंतर माणूस झोपतो. झोप ही फुटपाथवरची सगळ्यात महाग वस्तू आहे, ती मोडू नये. सणावाराला जाऊ नये, कारण त्या दिवशी वाटणारे इतके असतात की आपणही त्यांच्यातच जमा होतो. गेल्यावर पथारीच्या कडेला चपला काढाव्यात. खाली प्लास्टिकचा कागद, त्यावर पोतं, त्यावर गोधडी, उशाला पिशवी. एवढी चौकट ही खोली असते आणि तिला उंबरा असतो. उभ्याउभ्या बोललं तर उत्तरं ‘हो साहेब, नाही साहेब’ एवढीच येतात. बसावं. नाव विचारायची घाई करू नये. त्यांना जे आपल्यापेक्षा चांगलं येतं ते विचारावं: रात्री पाणी कुठल्या नळाला येतं, कुठलं शौचालय पहाटे चारला उघडतं, पावसात कुठली शेड गळत नाही. शहराची ही माहिती आपल्याकडे नसते आणि ती देताना माणूस सरळ बसतो.

वार आणि वेळ बदलू नये. सहा-सात आठवडे काहीही न करता नुसतं जावं लागतं, आणि हेच नव्या माणसाला जमत नाही. त्याचे हात शिवशिवतात. तो दुसऱ्याच आठवड्यात चादरी घेऊन येतो. मग त्याच्याभोवती गर्दी होते, चादर न मिळालेले चार जण मिळालेल्यांशी भांडतात आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्याला बघून लोक हात पुढे करतात. ते नातं परत सरळ करता येत नाही, हे बघितलेलं आहे.

चहाचा हिशेब आळीपाळीने. एकदा आपण, एकदा ते. काका म्हणाले, “आज माझ्याकडून,” आणि आपण खिशात हात घातला, तर चूक आपली. उसने पन्नास-शंभर देता येतात, पण परत कधी ते त्याच वेळी बोलून घ्यावं आणि त्या दिवशी मागावेत. न मागणं हा उपकार होतो, आणि उपकाराचं ओझं झालेला माणूस रस्ता बदलतो. कुणी “माझे पैसे तुमच्याकडे ठेवा” म्हणालं तर सहसा ठेवू नयेत. अगदीच वेळ आली तर छोट्या वहीत तारीख, रक्कम, त्यांची सही किंवा अंगठा, आणि वही त्यांच्याकडे.

बेघर म्हणजे भिकारी, हा समज इथे आल्यावर आठवडाभरात गळून पडतो. पथारीवरची बहुतेक माणसं काम करतात. लग्नाच्या हॉलवर वाढपी, भांडीवाले, नाक्यावरचे बिगारी, हातगाडीवाले, भंगार वेचणारे, मासळीच्या टोपल्या उचलणारे. २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची वेगळी मोजणी झाली. देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २.१ लाख माणसं नोंदली गेली. फेब्रुवारी म्हणजे लग्नसराई. हॉलवर रात्री एक वाजता पातेली घासणाऱ्यांना त्या रात्री कुणी कुठे गाठलं असेल, देव जाणे.

काम करूनही माणूस रस्त्यावर का राहतो, हे समजायला त्याच्याबरोबर एक दिवसाचा खर्च मांडावा. दोन-तीनदा शौचालय, दर वेळी पाचच्या आसपास. आंघोळीला वीस. मोबाइल चार्ज करायला टपरीवाल्याला दहा. तीन चहा, तीस. दोन वेळचं जेवण स्वस्तातलं धरलं तरी शंभर-सव्वाशे. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर दुपारचं दहा रुपयांत भागतं. २६ जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या त्या थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात असतो, पण ती दुपारीच मिळते. वर तंबाखू-बिडी. कपडे धुवायला आणि वाळत घालायला जागा नाही, म्हणून स्वस्तातला जुना शर्ट घ्यायचा आणि मळला की टाकायचा. बेरीज केलीत तर आकडा पावणेदोनशे-दोनशेच्या घरात जातो. ज्याच्या घरी संडास, नळ, चूल आणि बटण आहे त्याचे यातले निम्मे पैसे वाचतात. गरिबी महाग असते ती अशी. आणि एवढं होऊन शंभर-दोनशे शिल्लक राहिले, तर ते रात्री खिसा कापून जातात. म्हणून ते रात्र व्हायच्या आत संपवलेले बरे, असं ठरवणारा माणूस मूर्ख नसतो.

आता कागद. पहिला प्रश्न “आधार आहे का?” असा विचारू नये, उत्तर ‘नाही’ येतं. विचारावं, “कधी मशीनवर बोटं दिली होतीत का? डोळ्यांचा फोटो काढला होता का?” मग आठवतं: गावाला असताना, शाळेत, सरपंचाच्या वेळी. बहुतेकांचं आधार निघालेलं असतं आणि हरवलेलं असतं. पिशवी चोरीला गेली, पावसात भिजली, किंवा अतिक्रमणाच्या गाडीत पथारीबरोबर गेली. हे आधी तपासलं नाही आणि नवीन नोंदणी केली, तर बोटांचे ठसे जुन्याशी जुळतात आणि अर्ज फेटाळला जातो. दोन-तीन महिने वाया. त्यामुळे आधी आधार सेवा केंद्रात जाऊन ठशांवरून जुना क्रमांक शोधायला सांगावं. त्यासाठी नाव आधारवर जसं असेल तसं लागतं, आणि सोबत जन्मसाल किंवा गावाचा पिनकोड. इथे मोठी गंमत होते. फुटपाथवरचं नाव आणि कागदावरचं नाव एक नसतं. सगळे ज्यांना ‘राजू’ म्हणतात त्यांचं गावातलं नाव वेगळंच निघतं. पिनकोड आठवत नाही, पण तालुका आणि पोस्टाचं गाव आठवतं, त्यावरून पिनकोड काढता येतो. १९४७ या हेल्पलाइनवरही चौकशी करता येते.

क्रमांक सापडला की त्याच खिडकीवर मोबाइल नंबर जोडून घ्यावा. त्याला दुसरं कागदपत्र लागत नाही, बोटं पुरतात. नंबर कुणाचा द्यायचा? त्यांचाच. ओटीपी आपल्या फोनवर यायला लागले की पुढच्या प्रत्येक कामाला त्यांना आपल्याकडे यावं लागतं. साधा बटणाचा फोन चालतो. अडचण अशी की रिचार्ज संपला की काही महिन्यांत नंबर बंद होतो आणि नंतर तो दुसऱ्याच कुणाला मिळतो. म्हणून रिचार्जची तारीख आपल्याकडेही लिहून ठेवावी.

बोटं ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. सिमेंट कालवणाऱ्याचे, भांडी घासणाऱ्याचे, भंगारात हात घालणाऱ्याचे ठसे झिजलेले असतात. यंत्र तीनदा लाल होतं आणि माणूस ओशाळून हात मागे घेतो. आदल्या रात्री हाताला खोबरेल चोळावं, सकाळी कोमट पाण्याने आणि साबणाने धुऊन कोरडे करावेत. बोट जोरात दाबू नये, टेकवावं. अंगठा नाही लागला तर करंगळीशेजारचं बोट लागतं, कारण त्याला काम कमी असतं. तेही नाही झालं तर डोळ्यांचं यंत्र वापरायला सांगावं. ऑपरेटर “होत नाही, उद्या या” म्हणतो तेव्हा शांतपणे डोळ्यांची आठवण करून देणारा कुणी शेजारी असला की ते होतं. आपलं काम तेवढंच. बोलणं त्यांनाच करू द्यावं.

ज्यांचं आधार खरोखर कधीच निघालं नाही, त्यांची वाट लांबची. १८ वर्षांवरच्या नव्या नोंदणीची राज्य सरकारकडून पडताळणी होते, ती ठरावीक केंद्रांवरच होते आणि तिला काही महिने लागू शकतात. नोंदणी मोफत आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत. पत्त्याचा पुरावा नसेल तर ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं. राजपत्रित अधिकारी ते देऊ शकतो, आणि मान्यताप्राप्त निवाऱ्याचा प्रमुखही. नमुना छापून न्यावा, साध्या लेटरहेडवरचं पत्र परत येतं. फोटोवर सही-शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर असा पडायला हवा, आणि प्रमाणपत्र दिल्यापासून तीन महिन्यांच्या आत वापरावं. पावतीवरचा १४ आकडी नोंदणी क्रमांक लगेच दुसरीकडे उतरवून ठेवावा. ती पावती आठवडाभरात हरवते, हे गृहीतच धरायचं.

मतदार ओळखपत्राची सोय मात्र बेघरांसाठी मुद्दाम केलेली आहे आणि ती फारशी कुणाला माहीत नसते. नमुना ६ भरताना पत्त्याच्या जागी झोपायची जागा लिहायची: अमुक पुलाखाली, अमुक खांबाजवळ, अमुक दुकानासमोर. मग बीएलओने, म्हणजे मतदान केंद्राच्या पातळीवर मतदार यादीचं काम बघणाऱ्या कर्मचाऱ्याने, रात्री तिथे येऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का हे बघायचं. एकदा नाही, एकाहून जास्त रात्री. दिसला, तर पत्त्याचा कागद लागत नाही. निवडणूक आयोगाच्याच सूचना आहेत. प्रत्यक्षात काय होतं? बीएलओ बहुतेकदा शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, रात्री अकराला पुलाखाली एकट्याने येणं त्यांना शक्य नसतं, आणि त्यांचंही बरोबर आहे. त्यांना फोन करून वेळ ठरवावी, आपण हजर राहावं, जमल्यास फुटपाथवरच्या एखाद्या मावशींनाही बोलावून ठेवावं. पाच-सहा अर्ज एका रात्रीत बघून होतील असे एकत्र द्यावेत. लग्नाचे मुहूर्त बघूनच रात्र ठरवावी, नाहीतर बीएलओ येतात आणि पथारी रिकामी. कार्ड पोस्टाने येतं, तेव्हा पोस्टमनला खांबाची जागा दाखवून ठेवावी लागते. पोस्टमन हा माणूस या कामात फार उपयोगी पडतो.

कागद मिळाल्यावर ते ठेवायचे कुठे? लॅमिनेशन केलेली एक प्रत अंगावर, शर्टाच्या आतल्या खिशात. मूळ प्रत बँकेच्या पासबुकासह जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी विश्वासाच्या टपरीवर किंवा देवळाच्या पुजाऱ्याकडे. झेरॉक्सचा एक संच आपल्याकडे. मूळ कागद आपल्याकडे ठेवून घेऊ नयेत, त्यांनी कितीही म्हटलं तरी.

रेशनकार्डाच्या वाटेला एकट्या पुरुषांसाठी आम्ही लवकर जात नाही. माणशी पाच किलो धान्य शिजवायला चूल लागते. तीन विटांवर रांधणाऱ्या कुटुंबाला मात्र त्याचा खरा उपयोग आहे. गावच्या कार्डात नाव असेल आणि आधार जोडलेलं असेल, तर नवीन कार्डाची गरज नसते. मुंबईतल्या दुकानातही बोट लावून धान्य उचलता येतं.

बँक खातं जनधनचं काढावं, शून्य शिलकीचं. आधारवर पत्ता गावचा असतो. राहायची सध्याची जागा वेगळी आहे असं स्वतःचं लेखी निवेदन देता येतं. काउंटरवरचा माणूस नाही म्हणाला तर भांडू नये, शाखा व्यवस्थापकाला दुपारी तीननंतर भेटावं, तेव्हा त्याला ऐकायला वेळ असतो. आधारही हातात नसेल तर ‘छोटं खातं’ नावाची तरतूद आहे: फोटो आणि सही किंवा अंगठा एवढ्यावर निघतं. त्यात कधीही ५० हजारांहून जास्त शिल्लक चालत नाही, वर्षाला एक लाखाहून जास्त जमा होत नाही, महिन्याला १० हजारांहून जास्त काढता येत नाहीत. ते १२ महिने चालतं आणि तोवर ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचा पुरावा दिला तर आणखी १२ महिने. खातं दोन वर्षं वापरलं नाही तर निष्क्रिय होतं, म्हणून अधूनमधून शंभर रुपये भरत राहावं.

इथे एक धोका फार मोठा आहे. खातं निघाल्याची बातमी फुटपाथवर पसरली की कुणीतरी छान कपड्यातला माणूस येतो आणि पासबुक, एटीएम कार्ड, सिम यांचे दोन-चार हजार देऊ करतो. ‘भाड्याने’ म्हणतो. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरतात आणि सहा महिन्यांनी पोलीस खातेदाराला शोधत येतात. ज्याच्याकडे आज जेवायला पैसे नाहीत त्याला हे व्याख्यान देऊन पटत नाही. पटतं ते आधीच्या कुणाचं काय झालं हे त्याच्याच शेजाऱ्याने सांगितलं की.

कामाकडे येऊ. केटरिंगचं काम मुंबईतल्या बेघर माणसाच्या वेळापत्रकाला बरोबर बसतं. जेवण मिळतं, पैसे त्याच रात्री हातात, ओळखपत्र कुणी मागत नाही. काळी पँट, पांढरा शर्ट, काळे बूट लागतात. नसतील तर मुकादम देतो आणि त्याचे कापून घेतो. पहिली गुंतवणूक करायचीच तर या तीन वस्तूंमध्ये. त्या ठेवायला जागा नसते हा पुढचा प्रश्न. इस्त्रीवाल्याकडे ठेवलेल्या चालतात, धुऊनही मिळतात. पण हे काम पंचांगावर चालतं. तुळशीचं लग्न झालं की हंगाम उघडतो, आषाढी एकादशीनंतर चातुर्मास लागला की चार महिने सामसूम. नेमका पाऊसही तेव्हाच. जुलै ते ऑक्टोबर या काळात जुने मित्र अचानक ‘गायब’ होतात, त्यामागे बहुतेकदा हेच असतं.

नाक्यावर सकाळी सात ते नऊ उभं राहायचं. गवंड्याच्या हातात थापी असते, रंगाऱ्याच्या हातात ब्रश, बिगाऱ्याकडे नुसते हात. साडेनऊ वाजले की दिवस गेला. पथारीवाला तिथे मार खातो तो मेहनतीत नव्हे. रात्री दोनदा उठवलेला असतो, आंघोळीची रांग चुकलेली असते, दाढी वाढलेली असते, आणि ठेकेदार वरपासून खालपर्यंत बघून पुढच्याला उचलतो. वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केलं असेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंद होते, पण ९० दिवसांचा दाखला द्यायला रोजचा बदलता ठेकेदार तयार नसतो. आम्ही आता पहिल्या दिवसापासून वही ठेवायला सांगतो: तारीख, जागा, ठेकेदाराचा नंबर. चार-पाच ठेकेदारांत एखादा भला निघतो. वही दाखवली की त्याला नाही म्हणणं जड जातं.

भंगाराचं काम बाहेरून वाटतं तितकं सोपं नाही. पुठ्ठा, रद्दी, बाटली, पत्रा, जर्मन (अ‍ॅल्युमिनियम), तांबं, सगळं वेगळं केलं तर भाव, मिसळून दिलं तर मातीमोल. पुठ्ठा ओला असला की दुकानदार वजनात कापतो, आणि किती कापायचं हे तोच ठरवतो. सुई, काच लागते. लोखंडी आकडा आणि जाड हातमोजे हवेत, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं हवं. भंगारवाला उचल देतो, दुकानापुढे झोपू देतो, पैसे सांभाळतो, आजारपणात गोळी आणून देतो. त्या बदल्यात माल दुसरीकडे विकता येत नाही. आपल्याला ही वेठ दिसते. त्या माणसाला मात्र तो शेट म्हणजे सावकारही असतो आणि अडीनडीला धावून येणारा एकटाही. उचल फेडून त्याला ‘सोडवायला’ जाऊ नये. झोपायची जागा जाते आणि पुढच्या तापात कुणी नसतं. पुण्यात १९९३ मध्ये उभी राहिलेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या धंद्यातल्या माणसांची संघटना आहे. वेचकांना एकत्र करून, ओळखपत्र मिळवून, पुढे घरोघरचा कचरा गोळा करण्याच्या कामापर्यंत तिने नेलं. एकट्यादुकट्याने भावावरून भांडून काही होत नाही, हे तिथे बघून आल्यावर नीट कळतं.

सगळ्यात जास्त अपयश आम्ही बघितलं ते चांगल्या, पगारी नोकरीत. सोसायटीत हाउसकीपिंग, गोदामात लोडर, हॉटेलात भांडी. कागद तयार, खातं तयार, काका दाढी करून एक तारखेला हजर, आणि बाराव्या दिवशी खाडा. पंधराव्या दिवशी काम सोडलं. सगळे म्हणतात, “यांना काम करायचंच नसतं.” हिशेब बघा. एक तारखेला लागलेल्या माणसाचा पगार पुढच्या महिन्याच्या सात ते दहा तारखेला होतो. म्हणजे चाळीस दिवस. रोज रात्री पैसे हातात घेणाऱ्या माणसाने दिवसाला दोनशे रुपये खर्च असताना चाळीस दिवस काय खायचं? शिल्लक नाही, किराणावाला उधार देत नाही कारण पत्ता नाही. तो बारा दिवस टिकतो तेच नवल.

त्यावर तीन उपाय जमले. पहिला, लागण्याआधीच ठेकेदाराशी बोलून दर शनिवारी उचल ठरवणं; पाचात एखादा कबूल होतो, आणि तोंडी कबुली सुपरवायझरपर्यंत पोचत नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहून घ्यावी. दुसरा, जेवण देणारंच काम निवडणं, पगार थोडा कमी असला तरी. हॉटेल, वसतिगृह, खानावळ. तिसरा, चाळीस दिवसांचं उसनं, पण रोज ठरावीक रक्कम, एकदम नाही, आणि पहिल्या तीन पगारांत परत. हा तिसरा जोखमीचा आहे. पैसे बुडतात त्यापेक्षा वाईट म्हणजे पैसे बुडवल्याच्या लाजेने माणूस तोंड चुकवतो. म्हणून देतानाच सांगावं, “नाही जमलं तरी मंगळवारी या.” तरीही काही जण येत नाहीत.

निवाऱ्याचा विषय थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारा निवारा असावा असं सांगितलं. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात माणशी ५० चौरस फूट जागेचा निकष ठरवला होता. असे निवारे कमी आहेत आणि आहेत ते कामापासून लांब. लग्नाच्या हॉलवरून रात्री दोनला सुटणाऱ्याला दहाला बंद होणारं दार काय कामाचं? नवरा-बायकोंना वेगळं झोपावं लागतं. पण आजारपणात, बाळंतपणानंतर, हाड मोडल्यावर निवारा हवाच. म्हणून जवळच्या निवाऱ्याच्या व्यवस्थापकाशी आधीपासून ओळख ठेवावी. आधारचं प्रमाणपत्रही तोच देऊ शकतो.

पोलिसांची गाडी येते तेव्हा कायदा असतो १९५९चा, मुंबई भीक प्रतिबंधक कायदा. पहिल्यांदा दोषी ठरलं तरी एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवता येतं. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिल्लीपुरत्या त्यातल्या बऱ्याच तरतुदी रद्द केल्या. महाराष्ट्रात तो लागू आहे. सिग्नलजवळ नुसता झोपलेला, पण काम करणारा माणूसही त्यात उचलला जातो. अशा वेळी शर्टातलं लॅमिनेट, वहीतला ठेकेदाराचा नंबर आणि दंडाधिकाऱ्यापुढे “हे काम करतात, मी ओळखतो” असं सांगणारा कुणीतरी, या तीन गोष्टींवर सुटका ठरते. न्यायालयाला समज देऊन बंधपत्रावर सोडता येतं. इथेही विचारतात, तुम्ही यांचे कोण.

दवाखान्यात हा प्रश्न जास्त कठोर होतो, कारण तिथे नातेवाईक म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा, रक्ताची बाटली पोचवणारा, रात्री खाली झोपणारा माणूस. टीबी फुटपाथवर सर्रास आहे. साध्या टीबीचं औषध सहा महिने चालतं आणि ते मोफत आहे. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये थेट खात्यात येतात, म्हणून खातं आधी. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, आणि नेमकं तेव्हाच माणूस गोळ्या सोडतो. गोळ्यांचं पाकीट पथारीत ठेवू नये. चहावाल्याकडे ठेवावं आणि पहिला चहा गोळी घेतल्यावरच, असं त्याच्याशी ठरवावं. चहावाले हे निष्ठेने करतात.

स्वतःशी बोलणारा, कपड्यांचं भान नसलेला माणूस दिसला तर मैत्री पुरत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम १००नुसार त्याला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य संस्थेत नेणं हे पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे. कलमाचा क्रमांक सांगितला की गोष्टी हलतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानींच्या श्रद्धा पुनर्वसन केंद्राने अशा हजारो जणांना बरं करून घरी पोचवलं आहे. २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिथला अनुभव असा की औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत माणूस स्वतःच गावाचं नाव सांगतो.

दारूबद्दल एवढंच. सोडल्याशिवाय काम नाही, ही अट आम्ही आधी घालायचो. आता घालत नाही. रात्री डास, पाऊस आणि लाथ यांच्यामध्ये झोप लागावी म्हणून घेतलेली दारू, झोपायला दार असलेली जागा मिळाल्यावर काहींची कमी झाली, काहींची नाही.

शेवटचा कागद नॉमिनीचा. जनधन खात्याच्या अर्जात वारसाचं नाव आणि नातं असे दोन रकाने असतात. बहुतेक जण आपल्याकडे बोट दाखवून म्हणतात, “ह्यांचंच लिहा.” लिहू देऊ नये. एकदा असं नाव लागलं की त्यांच्या पैशांशी आपला संबंध येतो आणि पुढच्या प्रत्येक सल्ल्याला त्याचा वास लागतो. गावाकडचं कुणी आहे का, हे एकदा विचारावं, दुसऱ्यांदा विचारू नये. मग थोडं थांबावं. नाव निघतं. एका काकांनी पलीकडच्या पथारीवरच्या मावशींचं नाव सांगितलं. हे कामावर गेले की त्या यांचं बोचकं सांभाळतात, आणि त्यांना ताप आला की हे पेज आणून देतात. क्लार्कने नात्याच्या रकान्यावर पेन टेकवून वर बघितलं. काका म्हणाले, “शेजारीण.” त्याने तसंच लिहिलं.